मॅनहोलची गळती आणि आपल्या नळाचे पाणी

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या शेजारच्या वस्तीतील एका गल्लीत कावीळ आली. आधी दोन शाळकरी मुले, मग त्यांची आई, मग समोरचे रिक्षावाले काका. दिवाळीपर्यंत नऊ घरांत पिवळे डोळे दिसू लागले. त्यातली एक बहीण सात महिन्यांची गरोदर होती. तिला मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले. ती वाचली, बाळ वाचले नाही.

गल्लीत चर्चा चालू होती. कोणी म्हणे, "पोरांनी बाहेरचं खाल्लं." कोणी म्हणे, "उसाच्या रसातून आली." एक आजी नातवाच्या गळ्यात काविळीची माळ घालून आली होती. आम्ही नर्सिंगला होतो तेव्हा पहिल्याच वर्षी एक गोष्ट डोक्यात बसवली गेली होती : एकाच गल्लीत एकाच महिन्यात अनेकांना कावीळ झाली, तर आधी पाणी बघा. म्हणून आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे गल्लीचा नकाशा काढला आणि आजारी घरांवर टिकल्या चिकटवल्या. सगळ्या टिकल्या एकाच बाजूला आल्या. त्या बाजूच्या घरांचे नळाचे पाइप एका जुडग्यात बांधून ड्रेनेजच्या चेंबरला खेटून नेले होते. दुसऱ्या बाजूच्या घरांना पाणी मोठ्या रस्त्यावरून येत होते. तिकडे एकही रुग्ण नव्हता.

पालिकेच्या माणसांनी चेंबरचे झाकण काढले तेव्हा आतल्या भिंतीच्या विटा निखळलेल्या दिसल्या. चेंबरमधले पाणी बाहेरच्या मातीत मुरत होते आणि त्याच मातीत नळाचे गंजलेले पाइप होते. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर औषधाऐवजी मॅनहोलविषयी लिहीत आहोत.

मॅनहोल म्हणजे काय?

घराघरांतील मोरी आणि संडासाचे पाणी जमिनीखालच्या ड्रेनेज लाइनमधून वाहते. ही लाइन जिथे वळते, जिथे दोन लाइनी मिळतात किंवा जिथे उतार बदलतो, तिथे तपासणीसाठी आणि तुंबलेले काढण्यासाठी एक खोल चौकोनी किंवा गोल खड्डा बांधतात. त्यालाच मॅनहोल किंवा आपल्या भाषेत चेंबर म्हणतात. जुने चेंबर विटांचे असते, आतून सिमेंटचा गिलावा केलेले. नवे चेंबर बहुधा काँक्रीटच्या तयार कड्यांचे असते. वर लोखंडाची किंवा काँक्रीटची चौकट आणि त्यावर झाकण. भिंतीतून पाइप आत येतात आणि बाहेर जातात.

चेंबर भांड्यासारखे असायला हवे. आतले आत, बाहेरचे बाहेर. भांड्याला तडा गेला की गळती दोन्हीकडून होते. पावसाळ्यात जमिनीत पाणी भरलेले असते, तेव्हा ते तड्यातून चेंबरमध्ये शिरते. लाइन भरते, मैला उलटा फिरतो आणि खालच्या घरांच्या संडासातून वर येतो. उन्हाळ्यात जमीन कोरडी असते, तेव्हा चेंबरमधले मैलापाणी बाहेर मातीत झिरपते. भोक एकच, ऋतू बदलला की दिशा बदलते. तिसरा प्रकार म्हणजे जवळचा नळाचा पाइप फुटून पिण्याचे पाणी चेंबरमध्ये वाहून जाणे. यात आपण नळाखाली हंडा धरून बसतो आणि आपले पाणी गटारात जाते.

चेंबर का गळते?

पहिले कारण गॅस. मैला कुजला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास येतो तोच हा वायू. चेंबरच्या वरच्या ओल्या भिंतीवर जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल बनवतात. हे आम्ल सिमेंट खाते. गिलावा आधी मऊ होतो, मग खडूसारखा भुगा होऊन पडतो, नंतर विटांमधला मसाला जातो. हे सगळे झाकणाखाली होते, म्हणून वरून काही कळत नाही.

दुसरे कारण पाइप आणि भिंतीचा जोड. चेंबर जड, पाइप हलका. माती दबली की दोघे सारखे खचत नाहीत. जोडाला भेग पडते. वरून टँकर, कचऱ्याच्या गाड्या गेल्या की भेग वाढते. सर्वांत जास्त गळती बहुधा या जोडांतूनच असते.

तिसरे, झाकणाची चौकट. रस्त्यावर दरवेळी नवा थर पडतो, म्हणून चौकट उंच करावी लागते. घाईत चार विटा ठेवून चौकट वर टेकवली, मसाला नीट भरला नाही, की पावसाचे पाणी चारही बाजूंनी आत जाते.

चौथे, झाडांची मुळे. पिंपळ, वड, उंबर यांची मुळे ओलाव्याच्या मागे केसाएवढ्या भेगेतून शिरतात आणि जाड होऊन भेग फाडतात.

पाचवे कारण आपल्या हातचे आहे. घरात नवा संडास बांधला की ठेकेदार छिन्नी-हातोड्याने चेंबरची भिंत फोडून पाइप घुसवतो आणि भोवती थोडे सिमेंट थापून निघून जातो. आम्ही पाहिलेल्या चेंबरला अशी तीन भोके होती.

घाण नळात कशी शिरते?

लोक विचारतात, "पाइपमध्ये पाणी जोरात असतं, मग बाहेरची घाण आत कशी जाईल?" प्रश्न बरोबर आहे. पाणी चालू असते तेव्हा भोकातून पाणी बाहेरच उडते. पण आपल्या वस्तीत पाणी दिवसातून तास-दोन तास येते. चावीवाल्याने पाणी बंद केले की पाइप रिकामा होऊ लागतो. उतारावरच्या घरांत पाणी खाली ओढले जाते आणि पाइपमध्ये हवा कमी पडते. मग बाटलीतले सरबत जसे स्ट्रॉने ओढावे, तसे पाइपच्या भोकातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. बाहेर मैल्याने भिजलेली माती असेल तर तेच आत जाते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की ते आधी आपल्या हंड्यात पडते.

टिल्लू पंप ही ओढ आणखी वाढवतो. एका घराने थेट लाइनवर मोटर लावली की त्याला पाणी जास्त मिळते, पण सगळ्या गल्लीच्या पाइपला घाण ओढायला लावले जाते. हे शेजाऱ्याला रागाने नाही, समजावून सांगावे लागते.

नळाचा पाइप आणि ड्रेनेज लाइन यांच्यात साधारण ३ मीटरचे अंतर असावे आणि ते शक्य नसेल तर नळाचा पाइप वरच्या पातळीवर असावा, असे पाणीपुरवठ्याचे तांत्रिक नियम सांगतात. आपली गल्लीच चार-पाच फुटांची असते. म्हणून निदान एवढे तरी मागायचे : नळाचा पाइप गटारातून किंवा चेंबरमधून जाता कामा नये, आणि चेंबरजवळ पाइपला जोड नसावा.

लंडनची एक गल्ली

ही गोष्ट फक्त आपल्या वस्तीची नाही. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीची साथ आली आणि सहाशेच्या वर माणसे गेली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कुठल्या घरांत झाले ते शोधून नकाशावर मांडले आणि एका हातपंपाकडे बोट दाखवले. पुढे १८५५ मध्ये खणून पाहिले, तेव्हा त्या रस्त्यावरील ४० नंबरच्या घराचा मैल्याचा खड्डा विहिरीपासून तीन फुटांच्या आत निघाला. त्याच्या विटा सैल झाल्या होत्या आणि घाण विहिरीकडे झिरपत होती. त्याच घरात एका तान्ह्या मुलीला जुलाब झाले होते आणि तिच्या दुपट्यांचे पाणी त्या खड्ड्यात टाकले गेले होते. पंप सगळ्यांना दिसत होता. खरे कारण मात्र जमिनीखालच्या ढिल्या विटांत होते.

आपण गळती कशी ओळखावी?

यासाठी झाकण उघडायची गरज नाही. डोळे, कान, नाक आणि एक वही पुरते.

१. रात्रीचा आवाज : पाऊस नसलेल्या रात्री दोन-तीन वाजता, सगळे झोपलेले असताना, झाकणापाशी उभे राहा. तेव्हा लाइन जवळजवळ शांत असायला हवी. आत सतत खळखळ ऐकू आली, तर कुठून तरी पाणी शिरते आहे.

२. पाण्याची वेळ : नळाला पाणी सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत, कोणी भांडी घासायला बसण्याआधी, आवाज एकदम वाढला तर नळाचा पाइप फुटून पाणी चेंबरमध्ये जात असण्याची शक्यता मोठी.

३. पावसानंतर : पाऊस थांबताच पाणी ओसरले, तर ते झाकण-चौकटीतून किंवा लाइनला जोडलेल्या पागोळीच्या पाइपातून येत असावे. पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले तरी लाइन भरलेली असली, तर जमिनीतले पाणी भिंतीतून आणि जोडांतून आत येते आहे.

४. उन्हाळ्यात ओल : भर एप्रिलमध्ये चेंबरभोवतीची जमीन ओली, काळी, वास येणारी किंवा तिथेच हिरवे गवत, म्हणजे मैलापाणी बाहेर झिरपते आहे.

५. खचलेली जमीन : चेंबरजवळची फरशी बसली, पाय आपटल्यावर पोकळ आवाज आला, तर खालची माती गळतीबरोबर वाहून जात आहे. तिथे मुलांना खेळू देऊ नका, लगेच तक्रार करा.

६. नळाचे पहिले पाणी : पाणी येताच एक स्वच्छ काचेची बाटली भरा, पंधरा मिनिटांनी दुसरी भरा. पहिले गढूळ आणि दुसरे स्वच्छ असेल तर पाइप रिकामा असताना आत काही शिरले आहे. तांबूस गाळ खाली बसला आणि वास नसला तर तो बहुधा गंज असतो. काळपट रंग आणि गटाराचा वास असेल तर ते पाणी वापरू नका. चव घेऊन कधीही तपासू नका.

७. क्लोरिनची तपासणी : आशाताई किंवा आरोग्य सेवकांकडे ओटी टेस्टची छोटी पेटी असते. पाण्यात थेंब टाकले की क्लोरिन असेल तर पिवळा रंग येतो. नळाच्या पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरिन शिल्लक असावे. गल्लीच्या पहिल्या नळाचे आणि शेवटच्या नळाचे पाणी एकाच वेळी तपासा. पहिल्यात पिवळा रंग आला आणि शेवटच्यात आलाच नाही, तर मधल्या पाइपमध्ये घाण शिरून क्लोरिन संपवत असल्याचा संशय घ्यायला हवा. चेंबरच्या कडेला साचलेल्या पाण्यात पिवळा रंग आला, तर ते नळाचेच पाणी. रंग आला नाही म्हणून मात्र ते नळाचे नाही असे म्हणता येत नाही, कारण घाणीत क्लोरिन लवकर संपतो.

पाणी दिसायला स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. १९५५-५६ मध्ये दिल्लीत नाल्याचे मैलापाणी यमुनेतील पाणी घेण्याच्या जागेपर्यंत आले. पाणी शुद्धीकरण करूनच शहराला दिले होते, तरी सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई या विषाणूची होती हे पुढे कळले.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पटकी काही तासांत किंवा पाच दिवसांच्या आत दिसते, टायफॉइडला एक ते तीन आठवडे लागतात, पण हिपॅटायटिस ईची कावीळ पाणी पोटात गेल्यावर दोन ते दहा आठवड्यांनी दिसते. श्रावणातल्या गळतीची कावीळ दसऱ्याला येते. म्हणून लोकांना पाणी आठवत नाही, कालचा वडापाव आठवतो. वहीत तारखा लिहिल्या तरच संबंध लागतो.

पालिकेने काय तपासावे?

आपण खुणा दाखवायच्या, नेमकी जागा शोधणे पालिकेचे काम. तपासणीच्या पद्धती त्यांच्याकडे आहेत, नावे माहीत असली की मागता येतात. लाइनमध्ये कॅमेरा सोडून आतली भेग बघता येते. वरच्या लाइनमध्ये निरुपद्रवी रंग सोडून तो कुठे निघतो ते पाहता येते. लाइनमध्ये धूर सोडला की तडे आणि चुकीचे जोड जिथे आहेत तिथून तो बाहेर येतो. चेंबरचे पाइप तात्पुरते बंद करून त्यात पाणी भरून ठेवले आणि पातळी किती उतरली हे मोजले, की चेंबर गळते की नाही ते कळते. नळाच्या पाइपची गळती जमिनीवर ऐकण्याच्या यंत्राने शोधतात, बहुधा रात्री.

दुरुस्ती म्हणजे वरून सिमेंटचा हात फिरवणे नव्हे. कुजलेला गिलावा काढणे, भेगांत दाबाने मसाला भरणे, आम्लाला टिकणारा थर देणे, पाइपच्या जोडाला रबरी रिंग बसवणे, चौकट पक्की करणे, आणि नळाचे पाइप बदलून वरून नेणे, हे सर्व लागते.

झाकण उघडू नका, कोणाला उतरू देऊ नका

हे आम्ही हात जोडून सांगतो. चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो आणि प्राणवायू कमी असतो. वायू जास्त झाला की नाक बधिर होते आणि वास येणेच बंद होते. माणसाला वाटते, आता ठीक आहे. दोन-चार श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. कोणी आत पडले तर उतरू नका, आरडाओरडा करून गर्दी हटवा आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.

पावसात पाणी ओसरावे म्हणूनही झाकण काढू नका. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतील नामवंत डॉक्टर दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले.

"पाचशे रुपये दे, पोरगा उतरून काढतो," हे वाक्य आपल्या वस्त्यांनी फार ऐकले आहे. उतरणारा पोरगा कोणत्या घरातला असतो, हे आपल्याला सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणसाला उतरवणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. पण पैशाने माणूस परत येत नाही. आपले गटार साफ व्हावे म्हणून आपल्यातलाच कोणी जाऊ नये. यंत्र मागा, तेच मागा.

तक्रार अशी करा

तोंडी तक्रार हवेत जाते. लेखी अर्ज करा, पोच घ्या, तिचा फोटो ठेवा. मुंबईत १९१६ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, इतर शहरांत वॉर्ड ऑफिसला जा. पाणी खाते म्हणते ड्रेनेजचे काम, ड्रेनेज खाते म्हणते पाण्याचे काम. म्हणून एकच अर्ज तिघांना द्या : पाणी, ड्रेनेज आणि आरोग्य अधिकारी. अर्जात चेंबरची जागा, खुणा, तारखा, आजारी माणसांची संख्या आणि टिकल्यांचा नकाशा जोडा. "पाण्याची जिवाणू तपासणी करून अहवाल द्यावा" हे वाक्य जरूर लिहा. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. माहिती ३० दिवसांत द्यावी लागते. प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच म्हटले आहे. आपण उपकार मागत नाही.

तोवर घरात काय करावे?

पहिले पाणी पिण्यासाठी भरू नका. पिण्याचे पाणी खळखळ उकळी येऊन निदान एक मिनिट उकळा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. क्लोरिनच्या गोळ्या किंवा थेंब वापरत असाल तर पाकिटावरचे प्रमाण पाळा आणि अर्धा तास थांबा.

जुलाब लागले तर ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्या. अंगावरचे दूध बंद करू नका. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, मूल सुस्त पडले, शौचातून रक्त आले, तर दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.

डोळे किंवा लघवी पिवळी झाली तर माळ, मंत्र, जडीबुटी यांत दिवस घालवू नका. गरोदर बाईला कावीळ झाली तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. हिपॅटायटिस ई शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात.

त्या गल्लीत चेंबर दुरुस्त व्हायला अकरा आठवडे लागले. आता नळाचे पाइप भिंतीवरून, डोळ्यांना दिसतील असे नेले आहेत. गल्लीतल्या दोन मुली दर रविवारी पहिल्या आणि शेवटच्या नळाची ओटी टेस्ट करून निकाल विहाराच्या फलकावर लिहितात. ती बहीणही पाणी भरायला जाताना फलकापाशी थांबून वाचते. मगच कळशी नळाखाली लावते.